कोणती साखर?

कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांना डीएनएचे धागे गुंडाळून त्यांचे संवेदक घडवणे, हे गेली काही वर्षे माझे काम आहे. प्रकाश टाकला की या नळ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात उजळतात. एखादा रेणू येऊन चिकटला की तो उजेड बदलतो. अवघड असते ते हा बदल एकाच रेणूपुरता राखणे. धाग्यातील अक्षरांचे कितीतरी क्रम फेटाळत आम्ही तेवढ्यासाठी झगडतो. या कामाला लागणारी चिकाटी माझ्या स्वभावात नव्हती. ती कुठून आली याचा विचार करताना नव्वदच्या दशकातला सातारा-सांगली प्रवास आठवतो.

तेव्हा मी सांगलीच्या एका महाविद्यालयात संशोधन करीत होतो. या नळ्या माझ्या कामात अजून यायच्या होत्या. माझ्याजवळ होती एक पातळ फिल्म: तिच्यात प्राणवायूमुळे मंदावणारा एक चमकता रंग आणि फक्त ग्लुकोज ओळखणारे विकर, म्हणजे एन्झाइम. ग्लुकोज आले की विकर प्राणवायू खर्च करी, रंग उजळे आणि मापकाचा काटा वर जाई.

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी साताऱ्याला माहेरी आली होती. बाळ झाल्यावर अशक्तपणा वाटतो म्हणून जवळच्या दवाखान्यात तिची लघवी तपासली. निळ्या द्रावणात ती उकळताच द्रावण नारिंगी झाले. साखर आहे, असे सांगण्यात आले. आईने त्याच दिवशी डिंकाचे लाडू बंद केले, भातही बंद केला. आपले दूध बाळाला बाधेल या भीतीने बहीण त्याला अंगावर घ्यायला कचरू लागली. त्यात तासगावहून तिच्या सासूबाईंचा निरोप आला: रविवारी येते, लग्नाआधी दुखणं लपवलं होतं का तेवढं सांगा.

हे कळताच मी साताऱ्याला आलो आणि बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये तिच्या लघवीची बाटली ठेवून सांगलीच्या एसटीला निघालो. इतक्या काळजीतही आई म्हणाली, "गाडीत कुणी पाणी मागितलं तर तो थर्मास उघडू नकोस बाबा." बहीण हसली नाही. "दादा, मला खोटं सांगू नकोस हं," एवढेच म्हणाली.

प्रयोगशाळेत फिल्मवर थेंब टाकला. काटा हलला नाही. आज सांगताना संकोच वाटतो, पण पहिला विचार बहिणीचा आला नाही. आपली फिल्म निकामी झाली, हाच आला. मात्र त्या शंकेनेच मला सावध केले. समोर ग्लुकोज नसले तरी संवेदक गप्प राहतो आणि तो बिघडला असला तरीही. म्हणून त्याच नमुन्यात चिमूटभर ग्लुकोज घातले. काटा सरसर वर गेला. फिल्म ठीक होती. निळ्या द्रावणाला नारिंगी करणारे जे काही होते, ते ग्लुकोज नव्हते. ते द्रावण बऱ्याच साखरांना सारखाच रंग देते, हे मला ठाऊक होते. बाळंतिणीच्या दुधातली साखर लघवीत उतरू शकते, हे ग्रंथालयातल्या पुस्तकात सापडले.

तरीही अर्धवट उपकरणावर तिचे खाणेपिणे सोपवायला मन धजेना. साताऱ्यात परतल्यावर उपाशीपोटी आणि जेवणानंतरचे रक्त तपासून घेतले. डॉक्टरांनी अहवाल पाहून मधुमेह नसल्याचे सांगितले आणि दुधातल्या साखरेचा माझा तर्कही मान्य केला.

रविवारी सासूबाई आल्या. हातात बेदाण्यांची पिशवी होती, चेहरा मात्र ताठ.

"आवं, खरं काय ते सांगा. पोरीला साखर हाय का न्हाई?"

"नाही," मी म्हणालो. "सांगलीला नेऊन तपासली. लघवीत दिसली ती दुधातली साखर. रक्त अगदी ठीक आहे."

"म्हंजी अंगावर दूध लय हाय, एवढंच?"

"एवढंच."

"आन् तेवढ्यासाठी तुमी ती बाटली सांगलीला फिरवून आणलीसा व्हय?"

आई तोंडाला पदर लावून हसली. सासूबाईही हसल्या, पण हसता हसता त्यांचे डोळे भरले. बहिणीजवळ बसत त्या म्हणाल्या, "माझी थोरली जाऊ साखरेनंच गेली गं. तुझं आईकलं आन् जीव थाऱ्यावर न्हाई राह्यला. काय बोलावं ते सुचंना, म्हनून तसला निरोप धाडला."

बहिणीने बाळाला पदराखाली घेतले होते. तिच्या मोकळ्या हातावर त्यांनी मूठभर बेदाणे ठेवले. "आपल्याच शेडवरचं हायेत. खा."

ती खाईना. माझ्याकडे बघत राहिली.

"नक्की ना, दादा?"

"दोनदा रक्त तपासलंय. खा."

तिने तळहातावरचा एक बेदाणा ओठांनी उचलून हळूच चावला आणि मग सगळी मूठच तोंडात टाकली.