जुना क्रँक की नवा

मिस्त्रींच्या पत्नी प्रौढांच्या लेखन-वाचन वर्गात माझ्याच बाकावर बसत. त्यांच्यामुळे मिस्त्रींची ओळख झाली. मिस्त्री मोटारींची इंजिने खोलून पुन्हा बांधीत असत. वय साठीच्या पुढे गेले होते, आणि सकाळी गॅरेजचे शटर वर करतानाच त्यांचा अर्धा जीव खर्ची पडे.

त्यांचा एक नियम होता. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट ही मंडळी नेहमी नवीच घालायची. क्रँक मात्र जुना मिळाला, आणि तो धडधाकट असला, तर खुशाल वापरायचा. क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटातील तो जड, वाकडातिकडा दांडा, ज्याच्या फिरण्यावर गाडी चालते. जुना क्रँक ते साखळीला टांगीत आणि हातोडीने हलकेच ठोकीत. घंटेसारखा घुमला तर निर्दोष. बद्द वाजला तर कोठेतरी तडा गेलेला. मग त्याची रवानगी पुन्हा भंगारात.

एके दिवशी त्यांच्या मेहुण्याच्या टॅक्सीचे इंजिन क्रँक तुटून बसले. मेहुण्याचे सारे घर त्या टॅक्सीवर चालत होते. तो भंगार बाजारातून एक जुना क्रँक खांद्यावर टाकून गॅरेजात आला. मिस्त्रींच्या पत्नी तेव्हा जेवणाचा डबा घेऊन तेथेच बसल्या होत्या.

"भाऊजी, हा बघा! नवरदेवासारखा आहे की नाही?"

मिस्त्रींनी क्रँक टांगला. ठोकला. मान वाकडी करून पुन्हा ठोकला. सारे आयुष्य इंजिनांच्या धडधडीत गेल्यामुळे त्यांच्या कानांपर्यंत फक्त ठोका पोहोचला. त्यामागून सूर घुमला की नाही, ते त्यांना कळेना. कित्येक महिने असेच चालले होते. याविषयी त्यांनी कोणाजवळ ब्रही काढला नव्हता. येईल त्या गिऱ्हाइकाला ते नवाच क्रँक घ्यायला सांगत.

"नवा घे," ते म्हणाले.

"का? यात खोट आहे का?"

"मी सांगतोय ना, नवा घे."

"अहो, नव्या क्रँकच्या नावानं तुम्हीच बोटं मोडायचात! दुकानदारानं सासुरवाडीपेक्षा जास्त मान दिलेला दिसतोय."

"गप रे," मिस्त्रींच्या पत्नींनी भावाला दटावले.

"काय गप, ताई? नवा घ्यायचा तर टॅक्सीच विकावी लागेल. मग क्रँक काय उशाला घेऊन झोपू?"

मिस्त्री स्टुलावर टेकले. चांगला आहे म्हणावे, आणि भर रस्त्यात तो तुटला तर? नव्यासाठी अडून बसावे, तर पोराच्या पोटावर पाय. खोटे रेटून न्यायलाही अंगात बळ लागते, आणि तेवढे बळ आता त्यांच्यात उरले नव्हते.

"खोट आहे की नाही, मला माहीत नाही," ते म्हणाले. "मला याचा आवाजच ऐकू येत नाही."

मेहुण्याचे हसू मावळले. पत्नी डब्याचे झाकण हातात धरून तशाच राहिल्या. मिस्त्रींनी क्रँक साखळीवरून उतरवला, फडक्याने पुसला आणि मेहुण्याच्या खांद्यावर नीट ठेवला.

"पुलापलीकडच्या मिस्त्रीकडे घेऊन जा. तो ठोकून बघेल. काय म्हणतो ते मला येऊन सांग. आणि जरा मोठ्यानं सांग."