दोन दारांचा कोपरा

धावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी बरीच वर्षं शिकवायला होते. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. वर्गांपेक्षा खोल्या कमी, त्यामुळे कुठला ना कुठला वर्ग कायम व्हरांड्यात. व्हरांड्यातल्या पोरांचं लक्ष पुस्तकात कमी आणि रस्त्यावरच्या टेम्पोत जास्त, आणि मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतलेला. शेवटी मैदानाच्या कडेला, लिंबाच्या झाडाजवळ एक उघड्यावरचा वर्ग करायचं ठरलं. मी म्हणाले, त्याचा आराखडा माझी सातवीची पोरंच काढतील. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, म्हणाले, "काढू द्या. तुम्ही म्हणाल तेच होणार आहे, आम्ही कशाला मधे पडू?" माणूस चांगला होता, पण टोमणा मारल्याशिवाय त्यांना चहा पचत नसे.

मी पोरांना मोठे कागद दिले, पट्ट्या दिल्या, रंग दिले. जेवणाच्या सुट्टीनंतर बघते तर कागद कोरेच, आणि सगळी सातवी मैदानावर. कबड्डीच्या आखणीसाठी ठेवलेली फक्कीची पिशवी फोडून त्यांनी जमिनीवरच वर्ग काढायला घेतला होता, खऱ्या मापाचा. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "कागद काय पतंगाला दिले होते का?"

"कागदावर कळत न्हाई म्याडम," एकजण म्हणाला. "उभं राहून बघावं लागतंय."

हे मला पटलं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. मी आखणी बघितली. लांबलचक चौकोन, चारी बाजूंनी बंद, आणि एका टोकाला एकामागे एक अशी दोन दारं.

"हा वर्ग आहे की शेडनेट?"

पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली, की यात विचारण्यासारखं काय आहे. त्यांचंही बरोबर होतं. आमच्या त्या पट्ट्यात घराघरात बियाण्याचे प्लॉट. मिरचीचे, टोमॅटोचे. बियाणं कंपनीचं, कष्ट घरच्यांचे. हिरव्या जाळीचं घर उभारायचं, त्यात झाडं लावायची आणि एकेका फुलाला हातानं पराग लावायचा. त्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. जाळीला दोन दारं असतात. पहिलं लावून घेतल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे किडा आत जात नाही. ही पोरं त्या जाळीतच रांगली होती. उघड्यावर सावली करायची म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं.

"अरे, मोकळ्या हवेतला वर्ग काढायला सांगितला, आणि तुम्ही स्वतःला चारी बाजूंनी कोंडून घेतलंत!"

"मंग किडे येतील ना म्याडम," पुढचा पोरगा काळजीनं म्हणाला.

मी इतकी हसले की मला लिंबाच्या बुंध्याला टेकावं लागलं. मग पोरंही हसली, आणि पायानं भिंती पुसायला लागली. छत तेवढं जाळीचंच ठेवलं. बसायला बाक नकोत, वरंबे करू म्हणाली. शेतात असतात तसे मातीचे वरंबे, वरून सारवलेले. बसायचं वरंब्यावर आणि पाय सोडायचे सरीत. मला ही कल्पना फार आवडली. पाठीला पोक काढून मांडी घालून बसण्यापेक्षा शंभर पटीनं बरी.

सगळी पोरं भिंती पुसत होती तेव्हा एक मुलगी मूठभर फक्की घेऊन कोपऱ्यात बसली होती. पाण्याच्या टाकीची मागची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये तिनं एक लहानसा चौकोन काढला. एक माणूस बसेल एवढाच. त्याला मात्र दोन दारं ठेवली.

या मुलीबद्दल आधी सांगायला हवं. पाचवीत असताना ती आईबरोबर मामाच्या घरी राहायला आली आणि आमच्या शाळेत दाखल झाली. अक्षर सुंदर, गणित पक्कं. पण बोलताना अडकायची. काही अक्षरं तिच्या ओठांशी येऊन नुसती थांबून राहायची. त्यातही 'ह' आणि 'म' तर वैरीच. आता शाळेत दिवस उजाडतो तो 'हजर म्याडम' या दोन शब्दांनी. तिच्या वाट्याला नेमके हेच दोन यावेत? तिचा नंबर आला की ती हात वर करायची आणि मी पुढचं नाव घ्यायची. पोरं तिला चिडवत नसत, हे मी अभिमानानं सांगते. पण दुसरंच काहीतरी करत. ती अडकली की शब्द तिच्या तोंडातून काढून घेत आणि स्वतः बोलून टाकत. प्रेमानं, मदत म्हणून. घरी मामी तेच करायची, शाळेत मोठे सर तेच करायचे. आमच्या सरांना तर दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची जन्मजात घाई. त्या मुलीचं निम्मं बोलणं गावच बोलत असे.

"हे काय गं?" एका पोरानं तिच्या चौकोनाकडे बघून विचारलं. "मुतारी का?"

सगळे खिदळले. ती नाही हसली. फक्कीनं पांढरी झालेली बोटं फ्रॉकला पुसत सावकाश म्हणाली, "ए... ए... एकटीनं व... वाचायला. म... म... मोठ्यानं."

यावेळी कुणी तिचा शब्द उचलला नाही, कारण काय म्हणायचंय ते कुणाला ठाऊकच नव्हतं. तिच्या मामाच्या घरात माणसं फार आणि भिंती कमी. तिला एकच हवं होतं. कुणी ऐकत नाही, कुणी मदतीला येत नाही अशी एक जागा, जिथे तिला तिचा शब्द शेवटपर्यंत स्वतः म्हणता येईल. मी रोज पुढचं नाव घेत होते ते तिला सोपं जावं म्हणून, की मला, कोण जाणे.

"पण आत कुणी हाये का न्हाई, कळणार कसं?" एकानं विचारलं.

"धागा बांधायचा," दुसरी म्हणाली, आणि सगळ्यांना ते लगेच पटलं. पराग लावून झालेल्या फुलाच्या देठाला लोकरीचा लाल धागा बांधतात. धागा दिसला की त्या फुलाला कुणी हात लावायचा नाही, घरच्या माणसानंसुद्धा. तेव्हा जो आत बसेल त्यानं बाहेरच्या दाराला लाल धागा बांधायचा. धागा असेपर्यंत कुणी आत यायचं नाही, हाक मारायची नाही, जवळ उभं राहून ऐकायचं नाही. पाटी नको, कुलूप नको.

आठवड्याभरात शाळेच्या समितीचे अध्यक्ष आखणी बघायला आले. गावातले जाणते शेतकरी, स्वतःचे मिरचीचे दोन प्लॉट. वरंबे बघून ते खूश झाले, एका वरंब्याच्या जागी उकिडवं बसूनही बघितलं. कोपऱ्यापाशी आल्यावर मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे कशाला? पोरं मोबाईल घेऊन लपून बसतील इथं. बिलकुल नको. मिटवा हे."

सरांनी लगेच मान हलवली. जास्तीची कटकट त्यांना नकोच होती. मी मुलीकडे बघितलं. तिनं हात वर केला होता, हजेरीला करते तसा.

"तुला पायजे का हे?" अध्यक्षांनी आवाज खाली आणून विचारलं. "कशासाठी, पोरी?"

"म... म... म..."

"मन लागत नाही वर्गात, हो ना?" सर म्हणाले.

तिनं मान हलवली. नाही.

"मामा रागावतो का घरी?" अध्यक्ष.

नाही.

"मैत्रिणींसंगं बसायला?" मागून कुणीतरी.

नाही, नाही. प्रत्येकजण आपापला 'म' पुढे करत होता, जसं काही कोडंच घातलंय. तिचे डोळे भरून आले आणि ओठ अजून त्याच अक्षरावर मिटलेले.

माझा राग नाकावरच असतो. मी ओरडले, "थांबा सगळे! तिचा शब्द आहे, तिला बोलू द्या!"

सगळे गप्प झाले. पण इतकी माणसं गप्प बसून एकटक बघत असतील तर धडधाकट माणसाची जीभसुद्धा वळायची नाही. तिचा शब्द आलाच नाही. ती वळली आणि टाकीमागे पळाली. आपल्याच फक्कीच्या चौकोनात, भिंत नसलेल्या कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून बसली.

"यासाठी पाहिजे हा कोपरा," मी म्हणाले.

पोरांनी अध्यक्षांना धाग्याचा नियम समजावून सांगितला. तो ऐकून ते म्हणाले, "अन् कुणी मुद्दाम धागा तोडला, मंग?"

"तुमच्या प्लॉटमधला तोडला तर तुम्ही काय करता?" धागा सुचवणारी पोरगी म्हणाली. या गृहस्थांनी हात न धुता आत शिरलेल्या सख्ख्या मेव्हण्याला प्लॉटबाहेर काढलं होतं, ही गोष्ट गावात लहान पोरालाही पाठ. अध्यक्ष कसनुसं हसले. "जुनी जाळी पडून हाये माझ्याकडं," ते म्हणाले. "कोपऱ्याला पुरंल. जल्दी घेऊन जा, न्हाईतर बकऱ्या खातील."

वर्ग झाला. छान झाला. सारवायला गावातल्या बाया आल्या, आणि सरांनीही एकदा पँट दुमडून चिखल तुडवला. कोपऱ्याला जाळीची भिंत, दोन दारं आणि आत एकच वरंबा. पहिल्या दिवशी धागा तिनंच बांधला. मी मुद्दाम दुसऱ्या टोकाला जाऊन पोरांना जोरजोरात पाढे म्हणायला लावले, म्हणजे तिचं आमच्या कानावर यायला नको.

पुढे तो कोपरा एकटीचा राहिला नाही. घरी मार खाऊन आलेला एखादा तिथे रडून घ्यायचा. पहिलीतलं एक पोरगं नुसतं दोन दारं उघडायच्या हौसेनं जायचं. एकदा मोठे सरही धागा बांधून आत बसलेले दिसले, आणि कुणी विचारलं नाही. तिचं अडखळणं गेलं का, असं मला लोक विचारतात. नाही गेलं. पण कधीतरी मधेच, हजेरी घेताना तिचा हात वर जायच्या आधी मी थांबायला शिकले. कधी 'ह' यायचा, कधी नाही यायचा. आलेल्या दिवशी मी आपली पेनाचं टोपण शोधत बसायची.

मग त्याच वर्षी, ती पोरं सातवीत असतानाच, माझी बदली झाली. मागितलेली होती, हे मी लपवत नाही. घर जालन्यात, सासू आजारी, रोजची ये-जा झेपेना. हवी ती शाळा मिळाली. मधल्या सुट्टीत मोबाईलवर आदेश वाचला, मनात 'सुटले बाई' म्हणाले, आणि दुसऱ्या क्षणाला डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना. पोरांपुढे कशी रडू? मान खाली घालून तडक टाकीमागे गेले. एक दार, दुसरं दार, आणि वरंब्यावर बसून पदर तोंडात धरून रडले. बाहेर पोरांचा नेहमीचा दंगा चालला होता. हळूहळू तो कमी झाला आणि मला ते जाणवलंही नाही.

मग सरांचा आवाज आला. कुणीतरी पालक भेटायला आले होते. "म्याडम कुठे आहेत?" पावलं जवळ आली. "आत कोण आहे?"

"स... सर, थ... थांबा. ध... धागा हाये."

"अगं पण आत आहे कोण?"

"म..."

आता सर म्हणतील, कुणीतरी म्हणेल. सरांसारखा माणूस आणि समोर असा अर्धा शब्द. पण कुणी म्हणालं नाही. जाळीपलीकडे सगळे थांबले होते, सरसुद्धा.

"म... म... म्याडम हायेत. त्यान्ला हा... हाक मारू नका."

"बरं," सर हळू आवाजात म्हणाले, आणि पावलं लांब गेली.

मी डोळे पुसले, उठले, आतलं दार उघडून बाहेरच्या दाराशी आले. कडीला लाल लोकर बांधलेली होती, नीट, दोन गाठी मारून. आत शिरताना मी धागा बांधायचा विसरले होते.