नवं अस्तर
पुण्यातल्या धायरीत राहणाऱ्या मैत्रीचा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला. आता आपल्या पोटात काहीच रुजणार नाही, असं वाटून सॉफ्टवेअर कंपनीत ती कॉम्प्युटरसमोर हरवल्यासारखी बसे.

तपासणीत डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीतली फिकट पट्टी दाखवली. "हे गर्भाशयाचं अस्तर. पाळीत किंवा गर्भ पडताना वरचा थर गळतो, तळाचा राहतो. त्यातूनच नवा वाढतो आणि गर्भ रुजतो तो त्या नव्यात."

"म्हणजे माझं सगळं गेलं नाही?"

"अहो, नवं अस्तर आलंसुद्धा!"

परतताना पीएमटीच्या बसमध्ये खिडकीशी तिचा डोळा लागला. स्वप्नात ती मऊ, ओलसर, गुलाबी गवतावरून अनवाणी चालत होती. धायरीला उतरल्यावरही तळव्यांना तो ओलावा जाणवत होता.

घरी नवरा, धम्मदीप, वाट बघत होता. ती आपणहून म्हणाली, "बाळासाठी पुन्हा प्रयत्न करून बघू या."