राहुकाळात थांबलेली होडी

माझ्या बहिणीचा, भुवनाचा, नवरा सांबशिव. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये तीस वर्षं त्यानं फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवल्या. अंगाला सदा फायबर घट्ट करणाऱ्या रेझिनचा उग्र वास. आमच्या घरी जेवायला बसला की सांबाराचा वासही हरायचा.

साठीला टेकला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, फुफ्फुसं संपत आली, रेझिन सोडा. तर हा गृहस्थ मला म्हणतो, "अण्णा, एक शेवटचें काम करतों. जन्मभर पाणी आंत ठेवायच्या वस्तु केल्या. आतां पाणी बाहेर ठेवणारी एक करतों."

शिडाची होडी! तंजावुरात! समुद्र मल्लिपट्टिणमला, इथून सत्तर किलोमीटर. हात दाखवून अवलक्षण, मी म्हटलं.

पण तो हटला नाही. भुवनाच्या कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, पिठानं त्यानं शेडच्या जमिनीवर सोळा फुटी होडीच्या पूर्ण मापाच्या रेघा ओढल्या, पुसल्या, पुन्हा ओढल्या. त्यावरून प्लायवुडच्या फासळ्या कापल्या, साचा उभा केला, घासून घासून आरशासारखा केला. सात महिने गेले. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? तालुका कचेरीत पस्तीस वर्षं काढली, अशी एक वस्तू माझ्या हातून झाली नाही. म्हणूनच असेल, मला त्या कामात माझा वाटा हवा होता. माझ्याजवळ होतं फक्त पंचांग.

फायबर चढवायचा मुहूर्त मी काढला. शुक्रवार, सकाळी सव्वासात. भुवना आरती घेऊन आली, मदतीला दोन गडी होते. काचेच्या तंतूंची मॅट साच्यात अंथरायची, रेझिन पाजायचं, रोलर फिरवून बुडबुडे काढायचे, की लगेच वर दुसरी मॅट. साडेदहापर्यंत दोन थर झाले आणि मी हात वर केला.

"राहुकाळ लागला. बारापर्यंत कांहीं करायचें नाहीं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "अण्णा..." म्हणाला, आणि रोलर ठेवला.

बारा वाजता ते थर वाळून कडक झाले होते. त्यानं सॅण्डपेपर उचलला. मी ओरडलो, "तें घासत काय बसलास? तीनला पुन्हां वाईट काळ, यमगंडम लागतें, त्याच्या आंत संपव!" त्यानं सॅण्डपेपर खाली ठेवला आणि तिसरी मॅट अंथरली.

पोंगल झाल्यावर नागपट्टिणमहून मणी नावाचा होड्या तपासणारा माणूस आला. हातात रुपयाचं नाणं घेऊन तो होडीच्या अंगावर ठोकत गेला. टणटण वाजायला हवं होतं. पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत भदभद वाजलं.

"टाकीचंच रेझिन वापरलंत ना?" त्यानं विचारलं. "त्यात मेण असतं. थांबलात की ते वर येतं, आणि घासल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही. समुद्रात चार लाटांत उकलेल ही. मध्ये थांबला होतात का?"

"जेवायला गेलों होतों," सांबशिव म्हणाला.

मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं नाही. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

दुसरी होडी करायला त्याच्यात श्वास उरला नव्हता. आता अंगणातून ओसरीवर येईपर्यंत तो दोनदा बसतो. होडी शेजारच्या शेतकऱ्यानं नेली. त्याच्या म्हशी तिच्यात पाणी पितात.

गेल्या आठवड्यात मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. "सांबशिवा, तुझी होडी मीं मारली."

"तुम्हीं नाहीं अण्णा. मेण वर येतें हें मला ठाऊक होतें. तीस वर्षं टाक्या केल्या कीं."

"मग बोललास कां नाहीं?"

धाप लागली होती, म्हणून थांबत थांबत तो म्हणाला, "भुवनाचे थोरले बंधु तुम्हीं. चार माणसांदेखत तुम्हांला चुकलां कसें म्हणूं?"

मला त्याचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. भुवना कापीचे, कॉफीचे, दोन पेले ठेवून गेली, त्यातला एक मी त्याच्या हातात दिला.

मग त्यानं विचारलं, "त्या म्हशींकडे गेला होतां कां? गळत नाहीं नां?"

"नाहीं," मी म्हणालो. "एक थेंब नाहीं."