दुसऱ्या होडीचा मान

सुभेदार तुकोजीराव उभारे यांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथात तुम्हीही लिहा, असा समितीचा निरोप आला, तेव्हा ज्यांनी माझ्या लग्नाचा मुहूर्त चुकवला त्यांचा गौरव मी कसा करू, असे मी गमतीने म्हणालो. त्यावर आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "मुहूर्त कुणी चुकवला ते खरं लिहा म्हणजे झालं." तेव्हापासून मला चैन नाही. लिहायला बसतो, उठतो, अंगणात फेऱ्या घालतो. ही सवयही सुभेदारसाहेबांचीच लागलेली आहे.

त्यांची माझी पहिली भेट दिघीच्या धक्क्यावर झाली. संस्थान विलीन होऊन फार दिवस लोटले नव्हते. लढाईत शौर्यपदक मिळवलेले एक सुभेदार आपल्याकडे फौजदार म्हणून आले आहेत, एवढे कानावर होते. मी बोर्ली पंचतनच्या शाळेत नवा मास्तर, मुलगी खाडीपलीकडच्या मुरूडची, मुहूर्त गोरज. आमचे वऱ्हाड बैलगाड्यांतून दिघीला उतरले आणि वाजंत्र्यांसकट सगळेच्या सगळे एका होडीत चढले. तेवढ्यात खाकी कपड्यांतले एक उंच गृहस्थ धक्क्यावर आले आणि म्हणाले, "अर्धे उतरा. दोन होड्या करा."

होडी हाकणारा तांडेल हसला. "सायेब, दर्या निस्ता तेलावानी हाय. काय व्हनार न्हाय."

"उतरा," साहेब पुन्हा म्हणाले.

आमचे मामा पुटपुटले, "माणगावकडचा मानूस, याला दर्यातलं काय कळतंय?" साहेबांनी ते ऐकले असावे, पण त्यांचे सगळे लक्ष होडीच्या काठाकडे होते. पाणी काठापासून वीतभर खाली होते.

आता उतरायचे कुणी? मामा उतरणार नाहीत, कारण अंतरपाट धरण्याचा मान त्यांचा. थोरले काका उतरले तर मामा वरचढ ठरणार. आत्याबाई म्हणाल्या, "करवलीची आई मी, मी मागून येऊ व्हय?" वाजंत्री म्हणाले, आम्ही मागे राहिलो तर वरात मुकी जायची. मुंडावळ्या बांधून मी मधे बसलेला, आणि मलाही कुणाला उतरा म्हणण्याची छाती नव्हती. साहेब धक्क्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. एका जागी उभे राहणे त्यांना तेव्हाही जमत नव्हते. ऊन उतरायला लागले तरी आमचे ठरेना. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "दुसऱ्या होडीत मी बसणार आहे. माझ्याबरोबर बसण्यात कुणाला कमीपणा वाटत असेल त्यांनी पहिलीत बसावं."

झाले. फौजदारांच्या शेजारी बसायला मिळणार म्हटल्यावर मामा उतरले, काका उतरले, आत्याबाईही उतरल्या. पहिल्या होडीत मी, आई, भटजी आणि एक सनईवाला उरलो. मग आणखी कुणाला पहिलीत बसवायचे यावर नवा वाद. आम्ही मुरूडला पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी लागले. खाडी त्या दिवशी अखेरपर्यंत शांत होती, म्हणून सारे खापर साहेबांच्या माथ्यावर फुटले. आमच्या घरात बरीच वर्षे त्यांचे नावही कुणी धड घेत नसे.

पुढे म्हसळ्याच्या रानात त्यांनी दरोडेखोरांची टोळी पकडली आणि पोलीस खात्यानेही त्यांना पदक दिले. त्याबद्दल या ग्रंथात इतरांनी लिहिलेच आहे. माझा त्यांच्याशी स्नेह जुळला तो ते शाळेत कवायत शिकवायला येऊ लागले तेव्हा. एकदा मी धीर करून विचारले, "साहेब, त्या दिवशी सगळे एकदम गेलो असतो तर काय झालं असतं?"

"काही झालं नसतं," ते म्हणाले. "बहुतेक वेळा काही होत नाही."

मग चालता चालता त्यांनी ब्रह्मदेशातल्या एका नदीची गोष्ट सांगितली. मागे शत्रू होता, घाई होती, होडी भरलेली होती, आणि काठावर उरलेल्या जवानांना त्यांनीच 'चढा' म्हटले होते. "पाण्यातनं जे ओढून काढले त्यांच्यासाठी पदक मिळालं," ते म्हणाले. "जे नाही निघाले त्यांना चढा मीच म्हणालो होतो." इतके बोलून ते मुलांच्या रांगा सरळ करायला गेले. मला फार लाज वाटली आणि त्यांच्याविषयी फार माया वाटली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझी पत्नी बाळंतपणात अडली. खाडी खवळलेली, मुरूडला डॉक्टरांकडे नेल्याखेरीज इलाज नव्हता. साहेबांनी भर पावसात चांगले वल्हेकरी गोळा केले, पत्नीला आणि सासूबाईंना होडीत बसवले. मी पाय टाकला तसा त्यांनी माझा दंड धरला. "मास्तर, तुम्ही दुसऱ्या होडीने." मी रडलो, भांडलो, नको ते बोललो. त्यांनी दंड सोडला नाही. होडी दिसेनाशी झाल्यावर ते माझ्याबरोबर धक्क्यावर येरझाऱ्या घालत राहिले, ती परत येईपर्यंत. तांडेलाने लांबूनच हात हलवला तेव्हा साहेब धक्क्यावर खाली बसले. त्यांना बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आमचा मधू आज मॅट्रिकला आहे.

सत्कार मुरूडला आहे. दिघीहून येणाऱ्यांसाठी होड्या ठरल्या आहेत आणि साहेब कोणत्या होडीने येणार हे कुणाला विचारावे लागलेले नाही. सगळ्यांना बसवून, काठ आणि पाणी यांच्यातले अंतर पाहून, ते शेवटच्या होडीने येतील.

परमेश्वराने त्यांना निरोगी, उदंड आयुष्य द्यावे. माझे मागणे थोडे आणखी आहे. पुढेमागे आम्हा सगळ्यांनाच एकदा पैलतीराला जायचे आहे. तेव्हाही त्यांनी आपला शिरस्ता मोडू नये. आधी आम्हाला बसवून द्यावे. आम्ही पलीकडे वाट पाहू, आणि साहेबांनी अजिबात घाई करू नये.