उशिराचं कारण

पेटीवर बोटांनी दोनदा टकटक करायचं आणि म्हणायचं, "आहे माझ्याकडे." आमच्या टीचरची ही सवय. समोरच्याला नेमकं काय हवंय, हे पुरतं ऐकायच्याही आधी.

त्या वटारहून मोटारसायकलवर शाळेत यायच्या, गणित शिकवायच्या. गाडीला मागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या. एकीत पाने, पक्कड, पंक्चरचं सामान, दोर, जॅक. दुसरीत कापूस, बँडेज, टॉर्च, पाण्याच्या बाटल्या आणि एक धुतलेली चादर. मी शाळेचा क्लार्क, चंदनसारला राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकदा सहज विचारलं, "टीचर, रोज एवढं ओझं कशाला?"

"माझा भाऊ रस्त्यावर पडला होता, तेव्हा भोवती बरीच माणसं उभी होती," त्या म्हणाल्या. "एकाकडेही स्वच्छ फडकं नव्हतं."

पुन्हा मी विचारलं नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील; लोक त्यांना आधी हसतात आणि मग त्यांनाच हाका मारतात. चर्चमध्ये ऐन लग्नात नवरीच्या सँडलचा पट्टा तुटला, तर फादर थांबले आणि टीचर बाहेर पेटीकडे धावल्या. तारेने बांधलेल्या सँडलवर ती मुलगी नवऱ्याजवळ उभी राहिली.

मुख्याध्यापकांना मात्र हे पसंत नव्हतं. "टीचर, ही शाळा आहे, गॅरेज नाही. ती गाडी आवारात नको."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी बरोबर फाटकासमोर, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी उभी राहू लागली.

परीक्षेच्या दिवसांतली गोष्ट. एका कागदावर सही आणायला मी सकाळीच वटारला गेलो होतो. परतताना टीचरच्या मागे बसलो. भुईगावच्या अरुंद रस्त्यावर वळणाला केळ्यांचा छोटा टेम्पो कलंडला होता आणि ड्रायव्हरचा पाय खाली अडकला होता. लोक जमले होते. दोघंतिघं मोबाइलवर शूटिंग करत होते.

टीचर उतरल्या, पेटी उघडली.

"मॅडम, हात लावू नका, पोलीस केस होईल," एक जण म्हणाला.

"होऊ दे. तो मोबाइल ठेव खिशात आणि दगड आण. चांगले मोठे."

माती ओली होती. जॅक रुतू नये म्हणून त्यांनी केळ्यांच्या खोक्याची फळी खाली घातली. दांडा माझ्या हातात दिला. "भाऊ, हळूहळू. मी थांब म्हटलं की थांबायचं."

मी दांडा फिरवू लागलो. टेम्पो बोटभर वर आला की त्या खाली दगड सरकवायच्या. ड्रायव्हर ओरडत होता. त्या त्याच्याशी अखंड बोलत होत्या: गाव कुठलं, मुलं किती, केळी कुठे चालली होती. पाय सुटला तसं रक्त भळभळलं. त्यांनी कापसाची घडी दाबली, बँडेज आवळलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दोन्ही हात तिथून काढले नाहीत.

आम्ही शाळेत पोचलो तेव्हा पेपर सुरू होऊन पाऊण तास झाला होता. टीचरच्या ओढणीवर रक्त होतं. मुख्याध्यापकांनी उशिराचं रजिस्टर पुढे सरकवलं. 'कारण' या रकान्यात टीचरनी लिहिलं: माणूस गाडीखाली होता.

त्याखाली मी सही केली. कारण लिहायचं धाडस झालं नाही. 'वरीलप्रमाणे' एवढंच लिहिलं.

मला तोंडी समज मिळाली. त्यांना मेमो मिळाला, परीक्षेच्या कामात हलगर्जीपणा केल्याबद्दल. मीच तो टाइप केला होता. लेखी माफी मागितली तर प्रकरण मिटेल, असा निरोपही माझ्याच हाती आला.

"माफी कशाची, भाऊ?" त्यांनी माझंच पेन घेतलं आणि उत्तर लिहिलं: मी वेळेवर पोचले होते. फक्त शाळेत नाही.

निवृत्तीच्या वेळी शाळेने शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठरवला. "आधी मेमो मागे घ्या," त्या म्हणाल्या. तो मागे घेतला गेला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी मस्टरवर सही केली, मुलांच्या वह्या तपासून ठेवल्या आणि सत्कार न घेता निघून गेल्या. कार्यक्रमासाठी आणलेले पेढे स्टाफरूममध्ये तसेच पडून होते. कुणाचा हात पुढे होईना.

गेल्या वर्षी टीचर वारल्या. वटारच्या चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. त्या ड्रायव्हरला मी तिथेच पाहिलं. किंचित लंगडत, पण स्वतःच्या पायांनी तो शवपेटीपर्यंत गेला.

परवा नवीन मुख्याध्यापक म्हणाले, "भाऊ, जुन्या फायली काढून टाका. ते मेमोबिमो कशाला सांभाळायचे?"

बाकीच्या मी काढल्या. टीचरची फाईल उचलली, उत्तराचा कागद सर्वांत वर लावला आणि कपाटात परत ठेवली.

"ही राहील, सर," मी म्हणालो.

नोकरीच्या एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच कुणाला नाही म्हटलं होतं.