तेल लावून आलेली मुलगी
करडईच्या तेलाचा वास आला की मला मंठ्याच्या शाळेतली ती खोली आठवते. स्वमग्न मुलांच्या मेंदूवर संशोधन करणाऱ्या आमच्या लॅबची जीप तिथं गेली होती आणि मुलांच्या डोक्याला मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या मशीनच्या तारा चिकटवायचं काम माझं होतं. "डोकं धुऊन आणा," असं सगळ्या आयांना आदल्या दिवशी बजावलं होतं. एका आईनं लेकीचं डोकं धुतलं खरं, पण वर भरपूर तेल चोपडून घट्ट वेण्याही घातल्या. त्या तेलावर एकही तार टिकेना. "हिला वगळा, उशीर होतोय," आमचे डॉक्टर म्हणाले. ती बाई थेट दारातच बसली. "कोरड्या डोक्याची लेक चार माणसांत कशी आणू? आईबिगरची वाटंल. गाव तिला येडी म्हणतंय, आता तुम्ही बी वगळा! तपासल्याबिगर मी बिलकुल हलणार न्हाई." मी हातातल्या तारा टेबलावर ठेवल्या. "हिचं झाल्याशिवाय मीही दुसऱ्या कुणाला तारा लावणार नाही," म्हटलं. डॉक्टर लालबुंद झाले. मग हापशावर आईनं पुन्हा तिचं डोकं धुतलं, पंच्यानं खसखसून पुसलं, लेकीला मांडीवर घेतलं, मी तारा चिकटवल्या आणि मशीनची पेनं कागदावर सरसर चालू लागली. आता लॅबच्या दाराशी मी गरम पाण्याची बादली आणि शिकेकाई ठेवते. नवे डॉक्टर हसतात. हसू देत. मी आहे तोवर तेल लावून आलेलं लेकरू माघारी जाणार नाही.